स्पीकरआधी दार

प्रश्न असा आहे: "माझी २०२३ची स्विफ्ट आहे. कंपनीचा स्टिरिओ, चार दारांत चार स्पीकर, ट्विटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) नाहीत. आवाज बोथट वाटतो, जरा वाढवला की दारं थरथरतात. दुकानात म्हणाले, पुढे कंपोनंट (ट्विटर वेगळा असलेला संच) लावा, मागच्या ट्रेवर ओव्हल (लंबगोल स्पीकर) बसवा, आणि अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) घेतल्याशिवाय काही उपयोग नाही. बजेट पंधरा हजार आहे. नुसते स्पीकर बदलून फरक पडेल का? आणि वायर कापली तर वॉरंटी जाईल का? एक्स्टेंडेड वॉरंटी अजून चालू आहे."

फरक पडेल, आणि चांगला पडेल. पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: दारं थरथरतात. मी पुण्यात हेच काम करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं तिथेच असतं. पंधरा हजारांतला पहिला रुपया दारावर खर्च करा, स्पीकरचं नंतर बघू.

कारण सांगतो. स्पीकरचा कोन (शंकूसारखा पडदा) पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून आणि मागून निघणारे आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. ते एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, यात फारसं बिघडत नाही. पण १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. दारातल्या एखाद्या भोकातून वळसा घालून पुढे यायला तिला काहीच अडचण नाही. म्हणून घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते. गाडीत ती पेटी म्हणजे तुमचं दार. भोपळा तडकलेला असताना तानपुऱ्याला महागड्या तारा चढवून काय होणार?

आता ती पेटी कशी आहे ते बघा. दाराचं पॅड काढलं की आतला पत्रा दिसतो, आणि त्यात हाताचा पंजा सहज जाईल अशी मोठी भोकं. काचेची मशीन बसवायला, दुरुस्त करायला ती ठेवलेली असतात. त्यावर एक पातळ प्लॅस्टिकचा कागद, कडेने काळ्या चिकट गोंदाने लावलेला. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ; बोटाने टिचकी मारली की टण्णकन वाजतो. अशा दारात पाचशेचा स्पीकर लावा किंवा पन्नास हजारांचा, बासचा, म्हणजे खोल आवाजाचा, मोठा हिस्सा आतल्या आत मरणार आणि उरलेला पत्रा हलवण्यात जाणार. तुम्हाला ऐकू येते ती थरथर हीच.

उपाय साधा आहे, फक्त कष्टाचा आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावायची. ब्युटाइल रबरची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली, दोन मिलिमीटर जाडीची. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात दार इतकं तापतं की डांबर मऊ पडून खाली सरकतं, आणि गाडीत महिनोन्‌महिने वास राहतो. शीट लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. दाराच्या आत धूळ आणि मेणासारखा गंजरोधक थर असतो, त्यावर काहीच चिकटत नाही. मग छोट्या रोलरने जोर लावून दाबा, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत. इथे फिटर घाई करतात. नुसती हाताने थापलेली शीट एका उन्हाळ्यात सुटते आणि काचेच्या मशीनमध्ये अडकते. सगळा पत्रा मढवायची मात्र गरज नाही. पाव ते एक तृतीयांश भाग, त्यातही स्पीकरच्या बरोबर मागचा आणि मधला मोकळा भाग धरला की टिचकीचा आवाज 'टण्ण'चा 'ठप्प' होतो. तो बदल कानाने ऐका आणि थांबा. त्यापुढची शीट म्हणजे दुकानदाराची विक्री.

दुसरं काम आतल्या पत्र्यावरची भोकं बंद करण्याचं. मोठ्या भोकांवर नुसती शीट ताणू नका, ती पडद्यासारखी हलते. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा भोकाच्या मापाने कापा, स्क्रूने बसवा आणि कडा ब्युटाइलने बंद करा. उद्या काचेची मोटर गेली तर मेकॅनिकला तो तुकडा काढता आला पाहिजे. कुलपाच्या आणि हँडलच्या केबल मोकळ्या हलतात ना, ते पॅड लावण्याआधी तपासा.

आता जो मुद्दा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, तो नीट वाचा. पाऊस पडला की काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातं. ते जाणारच, तसंच ते डिझाइन आहे. बाहेरच्या आणि आतल्या पत्र्याच्या मधून ते खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तो प्लॅस्टिकचा कागद त्या पाण्याला केबिनमध्ये येऊ न देण्यासाठी असतो. फिटर घाईत तो फाडतो, पॅड लावून मोकळा होतो. मग जुलैत पायाखालचं कार्पेट ओलं राहायला लागतं, वास मारतो, आणि मालक सनरूफ नसलेल्या गाडीत गळती शोधत बसतो. कागद काढायचा असेल तर गोंद गरम हवेने मऊ करून अखंड काढा आणि ब्युटाइलच्या दोरीने पुन्हा चिकटवा. भोकं वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण बंद केली असतील, तर तोच थर पाणीही अडवतो. तळाची भोकं मात्र कुठल्याही परिस्थितीत बुजवायची नाहीत. कोकणात किंवा गोव्यात गाडी वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात: स्पीकरची कड रबरची हवी, फोमची नको, कारण दमट हवेत फोम लवकर कुजतो, आणि टर्मिनलवर हिरवा गंज चढत नाही ना, हे अधूनमधून पाहावं.

इथे एक सावधगिरी, तुमच्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी जास्त. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दारावर धक्का बसला की आतली हवा दाबली जाते आणि त्यावरून तो ओळखतो. अशा दारात नवी भोकं पाडायची नाहीत, कागद फाटका ठेवायचा नाही, आणि सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढलेला असताना इग्निशन चालू करायचं नाही. पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर हात लावू नका. तसंच पडदा एअरबॅग (छताच्या कडेतून खाली उघडणारी) असलेल्या गाडीत पुढच्या काचेशेजारच्या खांबावर ट्विटर बसवायचा हट्ट धरू नका.

आता अ‍ॅम्पचा प्रश्न. स्टिरिओच्या डब्यावर '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४चा वर्ग काढा, स्पीकरच्या ४ ओहमने (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) भागा: उत्तर ५१.८. म्हणजे सगळा व्होल्टेज चौकोनी लहरीत, पूर्ण विकृत अवस्थेत स्पीकरवर टाकला तर एवढे वॉट. स्वच्छ आवाजासाठी याचे निम्मे, म्हणजे २६ ही गणिती मर्यादा, आणि सर्किटमधली घट धरली तर प्रत्यक्षात अठरा ते बावीस वॉट आरएमएस (सतत मिळणारी ताकद) मिळतात. कंपनीचा स्टिरिओ असो किंवा बाहेरचा, आतला चिप-अ‍ॅम्प त्याच जातीचा असतो. त्यामुळे खोक्यावर ३०० वॉट लिहिलेला स्पीकर घेतला म्हणून आवाज मोठा होत नाही. ते वॉट स्पीकर सोसू शकतो एवढंच सांगतात, आणि तेही बहुतेक वेळा कमाल आकड्यात. बघायचा तो आरएमएस.

वीस वॉटवर चालणाऱ्या गाडीसाठी खरा महत्त्वाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, जो खोक्याच्या कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) आवाज येतो, ते तो सांगतो. तीन डीबी जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॉट पुरतात. ९२ डीबीचा स्पीकर वीस वॉटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८६ डीबीच्या स्पीकरला ऐंशी वॉट लागतील. भारी ब्रँडचा जड कोनाचा स्पीकर कंपनीच्या स्टिरिओवर लावून "आधीचाच बरा होता" म्हणणारे लोक भेटतात, त्याचं कारण हेच. एक खोच लक्षात ठेवा: काही कंपन्या हा आकडा एक वॉटला न देता २.८३ व्होल्टला देतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट, त्यामुळे आकडा तीन डीबीने फुगतो. तुलना करताना ते तीन वजा करा.

तेव्हा दुकानदाराचं "अ‍ॅम्पशिवाय उपयोग नाही" हे अर्धंच खरं. अ‍ॅम्पने आवाज मोकळा होतो, मोठ्या आवाजातही फाटत नाही, हे मान्य. पण ९० डीबीच्या आसपासचा किंवा त्यावरचा, ४ ओहमचा स्पीकर, बंदिस्त दारात, तुमच्याच स्टिरिओवर समाधानकारक वाजतो. अ‍ॅम्प पुढच्या वर्षी घ्या. ओहमच्या बाबतीत मात्र तडजोड नको. २ किंवा ३ ओहमचे स्पीकर जास्त करंट ओढतात. स्टिरिओ ते सोसतो असं त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर लावू नका.

डेमो बोर्डावर फसू नका. पुण्यात नाना पेठेत जा, बंगळुरूला जेसी रोडवर जा, सगळीकडे एकाच फळीवर दहा स्पीकर लावलेले असतात आणि बटणाने बदलून ऐकवतात. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्या कानाला चांगला वाटतो. प्रत्येक वेळी आवाज कमी-जास्त करून सारख्या पातळीवर आणायला सांगा, मग निवडा. आणि तुमच्या ओळखीचं गाणं तुमच्या फोनवरून लावा, त्यांच्या पेनड्राइव्हवरचं नको. नावाजलेल्या ब्रँडचे नकली स्पीकर बाजारात भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याचं जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड मिळत नसेल, तर हजार-पाचशे वाचवायला जाऊ नका.

कंपोनंट की कोॲक्सियल? कोॲक्सियलमध्ये ट्विटर वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) मधोमध बसवलेला असतो, बसवायला सोपा, स्वस्त. पण तुमच्या दारातली जागा पोटरीच्या उंचीवर आहे. ट्रेबल सरळ रेषेत जातो आणि कापडात, पायात मुरतो. म्हणून ट्विटर वर असलेला बरा. कंपोनंटमध्ये तो वेगळा मिळतो. आरशाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या त्रिकोणात जागा होत असेल तर तिथे बसवा. अ‍ॅम्प नसतानाही मी तुम्हाला कंपोनंटच सुचवीन, फक्त सेन्सिटिव्हिटी बघून. त्याच्यासोबत येणारा क्रॉसओव्हरचा डबा (बारीक आणि जाड आवाज वेगळे करणारा) दाराच्या तळाशी टाकू नका, तिथे पाणी असतं. डॅशच्या आत किंवा दारात उंचावर कोरड्या बाजूला बांधा. त्यावर अनेकदा ट्विटर थोडा कमी करायची पिन असते. ट्विटर काचेजवळ असला तर सुरुवात त्या कमी पातळीनेच करा. काचेवरून आपटून येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि 'स', 'श' टोचायला लागतात.

ज्यांच्या गाडीत कंपनीचे ट्विटर आधीच आहेत, त्यांनी हे बघावं: ते ट्विटर बहुधा एका छोट्या कपॅसिटरमधून दारातल्या स्पीकरच्याच लाइनवर जोडलेले असतात. दारात कोॲक्सियल लावून वरचे जुने ट्विटर तसेच ठेवले, तर दोन-दोन ट्विटर वाजतात आणि आवाज पातळ, कर्कश होतो. एक बंद करावा लागतो. आणि ज्यांच्याकडे बोस, सोनी, हरमन वगैरे नाव लिहिलेली सिस्टीम आहे, त्यांनी एकेक स्पीकर बदलायच्या फंदात पडू नये. तिथे बहुधा वेगळा अ‍ॅम्प असतो, स्पीकरचे ओहम अनेकदा कमी असतात, आणि प्रत्येक स्पीकरला कोणता आवाज पाठवायचा हे त्या अ‍ॅम्पमध्येच ठरलेलं असतं. एक बदलला की सगळा मेळ बिघडतो.

मापाचं थोडक्यात. तुमच्या पुढच्या दारात साडेसहा इंची बसतो, पण खोली मोजल्याशिवाय घेऊ नका. काच पूर्ण खाली करा, स्पीकर बसतो त्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा, आणि नव्या स्पीकरची खोली त्यापेक्षा निदान पाच मिलिमीटर कमी हवी. कमी पडत असेल तर मध्ये रिंग लावतात. दुकानात एमडीएफची रिंग देतात. ती दोन पावसाळ्यांत फुगून स्क्रू सोडते. प्लॅस्टिकची, अ‍ॅक्रेलिकची किंवा वॉटरप्रूफ प्लायची मागा. स्पीकरच्या पुढच्या कडेला बंद पेशीच्या फोमची पट्टी गोल लावा, म्हणजे पॅड बसल्यावर आवाज थेट जाळीतून बाहेर येतो, पॅडच्या मागे पसरत नाही. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि त्याने मधला आवाज, म्हणजे माणसाचा गळा, एकदम स्वच्छ होतो. पाणी पिणारा साधा स्पंज वापरू नका. फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीचा स्पीकर रिव्हेटने बसवलेला असतो. ड्रिल करताना उडणारे लोखंडाचे कण नव्या स्पीकरच्या चुंबकाला चिकटून खरखर करतात, तेव्हा तो आधी दूर ठेवा.

वायर आणि वॉरंटी. तार कापायची गरजच नाही. स्विफ्टच्या स्पीकरला बसणारे कपलर बाजारात थोड्या पैशांत मिळतात. एका टोकाला गाडीचा कपलर, दुसऱ्या टोकाला स्पीकरच्या पिना. कंपनीची वायर वीस वॉटला पुरेशी आहे, तीही बदलू नका. तार कापून टेप गुंडाळलेली दिसली की सर्व्हिस सेंटरला कुठलीही इलेक्ट्रिकल तक्रार नाकारायला निमित्त मिळतं. कपलर असेल तर जुने स्पीकर अर्ध्या तासात परत बसतात. ते जुने स्पीकर दुकानात देऊन येऊ नका, गाडी विकताना लागतील. पॅड काढायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, आणि चार-सहा क्लिपा आधीच आणून ठेवा, त्या तुटतातच.

मागच्या ट्रेवर ओव्हल बसवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. त्या पुठ्ठ्यासारख्या ट्रेला दोन मोठी भोकं पाडली की ती स्वतःच खडखडते. त्याहून वाईट म्हणजे जड चुंबकाचे स्पीकर मागे बसलेल्या मुलांच्या डोक्यामागे नुसत्या खोबणीवर ठेवलेले असतात. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर ते उडून पुढे येतात. बास हवा असेल तर पुढे कधीतरी सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर घ्या, तो बोल्टने जमिनीला बांधता येतो. मागच्या दारांतले स्पीकर जसे आहेत तसे राहू द्या, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी) थोडा पुढे सरकवा.

तुमच्या पैशांची वाटणी मी साधारण अशी करीन: पुढच्या दोन दारांच्या डॅम्पिंगला साडेतीन ते चार हजार, कंपोनंटला साडेपाच-सहा हजार, रिंग, कपलर, फोम आणि मजुरीला दोन हजार. उरलेले अ‍ॅम्पसाठी बाजूला ठेवा. अ‍ॅम्प घ्याल तेव्हा वायर शुद्ध तांब्याची घ्या, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको, आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. वायर घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते.

बसवून झाल्यावर ऐकायचं कसं? बास, ट्रेबल दोन्ही शून्यावर आणा. कंपनीच्या बोथट स्पीकरसाठी तुम्ही जे वाढवून ठेवलं असेल ते आता नको आहे. मग चांगलं ध्वनिमुद्रण असलेला एखादा अभंग लावा. मी कायम हेच करतो, कारण त्यात तपासायचं सगळं एका जागी असतं. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावलेली असते, त्या धुमेची थाप खोल आणि गोल यायला हवी, आणि पुढची थाप पडायच्या आत थांबायला हवी. ती पसरत राहिली तर दाराचं काम अपुरं आहे. टाळ किणकिणले पाहिजेत. नुसतं 'छिस् छिस्' येत असेल तर ट्विटर जास्त आहे. गाणाऱ्याचा आवाज डॅशच्या मधून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो कुठून येतोय तेच कळत नसेल, तर बॅलन्स पूर्ण एका बाजूला सरकवून बघा. एकच बाजू वाजताना बास वाढला, तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली आहे. पॅड लावण्याआधीच दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवून बघितला की हे कळतं: सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला लागली तर कोन बाहेर येतो. हे करताना स्पीकर स्टिरिओपासून सुटा हवा.

आवाजाची मर्यादाही त्याच दिवशी ठरवून घ्या. हळूहळू वाढवत जा, गळा खरखरीत वाटू लागला की दोन घरं मागे या. तीच तुमच्या स्टिरिओची स्वच्छ हद्द. त्यापुढे लहरींची टोकं कापली जातात आणि पहिला बळी ट्विटरचा जातो, तो कितीही वॉटचा असो. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन्ही पुढची कार्पेटं हाताने दाबून बघा, आणि महिनाभराने पॅडचे स्क्रू एकदा आवळून घ्या.